बॅटरी उलटी लागली तर : मेन फ्यूजपासून ईसीएमपर्यंतची तपासणी, क्रमाने

गेल्या पावसाळ्यात एका रात्री साडेनऊच्या सुमाराला भाच्याचा फोन आला. तो फौजेत आहे. पंधरा दिवसांच्या सुट्टीवर बेळगाव जिल्ह्यातल्या जांबोटीजवळच्या गावी आला होता. गाडी तीन महिने गोठ्याशेजारच्या शेडमध्ये उभी, बॅटरी पार उतरलेली. दुपारी खानापुरातून नवी बॅटरी आणली आणि रात्री, गावातली लाइट गेलेली असताना, मोबाइलच्या उजेडात बसवली. "मामा, शेवटची केबल टेकवली तशी चर्र करून ठिणगी पडली बघा. आता गाडी पूर्ण मेली. आतला दिवासुद्धा लागेना."

मी एकच विचारलं, "लाल केबल कुठल्या बाजूला लावलीस?"

"जुन्या बॅटरीला होती त्याच बाजूला की."

तिथंच कळलं. नव्या बॅटरीचा प्लस दुसऱ्या बाजूला होता.

आमच्या भागात फौजेतली माणसं असलेली घरं पुष्कळ आहेत. गाडी घरी, मालक सीमेवर, आणि वर्षातून दोनदा उतरलेल्या बॅटरीशी झटापट. शिवाय बेळगावात गाडी ठेवून पुण्या-बेंगळुरात नोकरी करणारी मुलं आहेतच. त्यामुळे हा प्रकार वाटतो तितका दुर्मीळ नाही. तो घडला की दुसऱ्या दिवशी चार माणसं जमतात आणि त्यातला एक जण हमखास सांगतो, "ईसीएम गेला." ईसीएम म्हणजे इंजिन चालवणारा गाडीतला छोटा संगणक. भाच्यालाही हेच सांगितलं गेलं. माझं म्हणणं एवढंच आहे की ईसीएमचं नाव सगळ्यात शेवटी घ्यायचं. त्याच्या आधी बघायच्या गोष्टी ठरलेल्या आहेत, त्यांचा क्रमही ठरलेला आहे. तो क्रम चुकला तर जे वाचलेलं असतं तेही जळतं.

आधी हात थांबवा

केबल उलटी लागल्याचं लक्षात आलं की पहिली उर्मी असते ती चटकन सरळ लावून किल्ली फिरवून बघण्याची. ती आवरा. सरळ लावून गाडी चालू झाली तर नशीब, पण आत एखादा डायोड (विजेला एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) शॉर्ट झालेला असेल तर सरळ लावलेली बॅटरीच आता त्या शॉर्टमधून शेकडो अँपिअर ओतेल. धक्का मारून गाडी चालू करण्याचा प्रयत्न तर अजिबात करू नका.

दोन्ही केबल सोडवा. बॉनेट उघडंच ठेवा, कारण बॅटरीतून हायड्रोजन निघतो आणि बंद जागेत तो साचतो. जवळ विडी-सिगारेट नको. बॅटरीला हात लावून बघा : गरम आहे, फुगली आहे, कुजक्या अंड्यासारखा वास येतोय किंवा झाकणातून ॲसिड ओघळलंय, तर तिला हलवू नका, थंड होऊ द्या. ॲसिड सांडलं असेल तर खायचा सोडा पाण्यात कालवून त्यावर ओता. डोळ्यात गेलं तर किमान पंधरा मिनिटं स्वच्छ पाण्याने डोळे धूत राहा आणि तसेच दवाखाना गाठा. घरात गाडीचं काम करणाऱ्या प्रत्येकाकडे साधा चष्मा तरी असावा असं मला कळकळीने वाटतं.

मग एक कागद घ्या आणि लिहून काढा : केबल किती वेळ उलटी होती, त्या वेळी किल्ली कुठल्या स्थितीत होती, सेल्फ मारला होता का, धूर कुठून आला, वास कसला होता. नुसती ठिणगी पडून केबल लगेच काढली आणि उलट्या बॅटरीवर दहा मिनिटं किल्ली फिरवत बसलो, या दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. भाच्याने किल्ली फिरवली नव्हती. ही मोठी चांगली गोष्ट होती.

आत नेमकं काय होतं

हे समजून घेतलं की पुढची सगळी तपासणी आपोआप सुचते, म्हणून इथे थोडा वेळ देतो.

गाडीच्या अल्टरनेटरमध्ये डायोड प्लेट असते. अल्टरनेटर एसी वीज तयार करतो आणि डायोड तिची डीसी करतात. डायोड म्हणजे एकाच दिशेने उघडणारं दार. बॅटरी सरळ लागलेली असताना हे दार बॅटरीच्या बाजूने बंद असतं, त्यामुळे बॅटरीची वीज अल्टरनेटरमधून बॉडीत पळत नाही. बॅटरी उलटी लागली की तेच दार सताड उघडतं. बॉडीकडून डायोडमधून थेट अल्टरनेटरच्या जाड वायरकडे रस्ता मोकळा होतो आणि प्रचंड करंट वाहतो. तुम्हाला दिसते ती मोठी ठिणगी बहुतेक याचीच असते.

या वाटेवर मेन फ्यूज बसवलेला असतो. गाडीप्रमाणे ६०, ८०, १०० किंवा १२० अँपिअरचा. तो वितळला की अल्टरनेटरची वाट तुटते. मेन फ्यूज उडणं म्हणजे गाडी मेल्यासारखी दिसणं, आणि पुष्कळदा गाडी वाचणंही तेच. फ्यूज वितळेपर्यंत उघडे डायोड उलटा दाब दोन-तीन व्होल्टच्या आसपास दाबून ठेवतात, त्यामुळे बाकीच्या नाजूक युनिटना पूर्ण उलटे बारा व्होल्ट लगेच बसत नाहीत. पण अल्टरनेटरचा फ्यूज वेगळा असेल आणि तो एकटाच उडाला, तर उरलेल्या सर्किटना पूर्ण उलटा दाब बसायला लागतो. वेळ लिहून ठेवायला सांगितली ती त्यासाठी.

कुणाला काय होतं? साध्या बल्बना, हॉर्नला, मागच्या काचेच्या हीटरला काहीच होत नाही. त्यांना प्लस-मायनसचं सोयरसुतक नसतं. ब्लोअर, रेडिएटरचा पंखा, वायपर यांच्या मोटर उलट्या फिरतात, थोडा वेळ फिरल्या तर जळत नाहीत. सेल्फलाही सहसा काही होत नाही. धोका असतो तो डायोड, कपॅसिटर (वीज साठवणारा छोटा भाग) आणि आयसी (इलेक्ट्रॉनिक चिप) असलेल्या वस्तूंना : टेप, ॲम्प्लिफायर, एलईडी दिवे, डॅशकॅम, जीपीएस ट्रॅकर, पॉवर स्टिअरिंगचं युनिट, एबीएस, ईसीएम. कंपनीने बसवलेल्या युनिटमध्ये उलट्या जोडणीपासून बचावाची काही ना काही सोय केलेली असते. बाजारात वरून बसवून घेतलेल्या स्वस्त वस्तूंत ती असेलच असं नाही.

लागणारी हत्यारं

दहाचा पाना, बाराचा पाना, एक डिजिटल मल्टिमीटर (व्होल्ट आणि करंट मोजणारा मीटर), टेस्ट लॅम्प (एका बाजूला टोक, दुसरीकडे चिमटा असलेला तपासणीचा दिवा) आणि हेडलाइटचा एक जुना पण चालू बल्ब, त्याला दोन वायरी जोडलेला. मल्टिमीटर दोन-तीनशे रुपयांतलाही चालतो. त्यावर डायोडची खूण असलेला टप्पा मात्र हवा.

हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक गाडी असेल तर पुढचं काही स्वतः करू नका, सर्व्हिस सेंटरला नेऊ द्या. एअरबॅगच्या वायरी आणि कपलर (वायरी जोडणारे सॉकेट) पिवळ्या रंगाचे असतात. कुठल्याही गाडीत त्यांना मीटरची पिन किंवा टेस्ट लॅम्प लावायचा नाही.

पहिली पायरी : बॅटरी स्वतः सरळ आहे का

मीटर डीसी २० व्होल्टवर ठेवा. लाल पिन प्लसवर, काळी मायनसवर. १२.६ च्या आसपास आलं तर बॅटरी पूर्ण भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी, ११.८ च्या खाली म्हणजे उतरलेली. आकड्याआधी वजाची खूण आली तर दोन शक्यता : तुमच्या पिना उलट्या आहेत, नाहीतर बॅटरीच उलटी चार्ज झाली आहे. पूर्ण उतरलेल्या बॅटरीला चार्जर उलटा लावला तर असं घडू शकतं. बॅटरीवर प्लस कोरलेलं, पण आत मायनस. अशी बॅटरी गाडीला लावू नका, ती बदलायचीच.

प्लस कुठला हे रंगावरून ठरवू नका. बॅटरीच्या प्लास्टिकवर कोरलेली खूण बघा. केबलचे रंग तर आमच्याकडे अजिबात भरवशाचे नाहीत. जांबोटी-कणकुंबीकडच्या पावसात टर्मिनलवर पांढरा-हिरवट थर चढतो, लाल टोपण कधीच हरवलेलं असतं, कुणीतरी दोन्ही केबलना काळी टेप गुंडाळलेली असते आणि खंडेनवमीच्या पूजेचं कुंकू दोन्हीकडे लागलेलं असतं. केबल कुठे जाते ते बोटाने माग काढत बघा. बॉडीला किंवा गिअरबॉक्सला बोल्टने कसलेली ती मायनस.

आणखी एक पक्की खूण आहे. बॅटरीचा प्लसचा खांब मायनसपेक्षा किंचित जाड असतो. म्हणून मायनसचा क्लॅम्प प्लसवर सहज बसत नाही. भाच्याला मी विचारलं तेव्हा तो म्हणाला, "एक क्लॅम्प बसत नव्हता, स्क्रूड्रायव्हरने फाकवला. दुसरा ढिला राहिला." बॅटरी सांगत होती, पण अंधारात ते ऐकू आलं नाही. क्लॅम्प फाकवावा लागला तर तिथंच थांबायचं.

एकाच क्षमतेची बॅटरी एल आणि आर अशा दोन मांडणींत मिळते. दोन्हींत खांबांच्या बाजू उलट. दुकानात जुनी बॅटरी सोबत न्या आणि दोन्ही शेजारी ठेवून खांब जुळतात का बघूनच पैसे द्या.

दुसरी पायरी : मेन फ्यूज

बॅटरी अजून लावलेली नाही हे लक्षात ठेवा. मेन फ्यूज बॅटरीशेजारच्या काळ्या डब्यात असतो, काही गाड्यांत थेट प्लसच्या क्लॅम्पवर. झाकणाच्या आतल्या बाजूला नकाशा छापलेला असतो. हा फ्यूज लहान फ्यूजसारखा ओढून निघत नाही. तो बहुधा स्क्रूने किंवा नटने कसलेला असतो. जोर लावून उपटला तर अख्खा डबा तुटतो आणि डबा फ्यूजपेक्षा कितीतरी महाग.

नुसतं बघून फ्यूज चांगला म्हणू नका. मीटर कंटिन्युइटीवर (वीज आरपार जाते का ते बीप देऊन सांगणारा टप्पा) ठेवून दोन टोकांना पिना लावा. बीप वाजला तर चांगला. भाच्याच्या गाडीचा ८० अँपिअरचा फ्यूज उडालेला होता, पारदर्शक खिडकीतून वितळलेली पट्टी दिसत होती.

नवा फ्यूज त्याच अँपिअरचा, त्याच आकाराचा घ्या. तांब्याची तार बांधायची नाही. मला माहीत आहे, रात्री कोग्नोळीच्या किंवा चोर्ल्याच्या रस्त्यावर अडकलं की मोह होतो. पण तार बांधली की पुढच्या शॉर्टला वितळायला तीच जागा उरत नाही, मग वायरिंग पेटतं. आणि नवा फ्यूज आत्ताच बसवू नका. आधी तिसरी पायरी.

तिसरी पायरी : अल्टरनेटरचे डायोड

बहुतेक माणसं हीच पायरी वगळतात, आणि नवा मेन फ्यूज लावताक्षणी तोही उडतो.

अल्टरनेटरच्या मागे रबरी टोपणाखाली एक जाड वायर नटने कसलेली असते. बॅटरी सोडलेली आहे याची पुन्हा खात्री करून हा नट काढा आणि वायर बाजूला करा. मीटर डायोडच्या खुणेवर ठेवा. लाल पिन अल्टरनेटरच्या बॉडीवर (रंग नसलेल्या जागी), काळी पिन त्या बोल्टवर. ०.८ ते १.२ च्या आसपास आकडा आला पाहिजे, कारण मध्ये दोन डायोड ओळीने आहेत. आता पिना उलट्या करा : लाल बोल्टवर, काळी बॉडीवर. मीटरने काही दाखवू नये, म्हणजे ओएल (वीज जात नाही अशी मीटरची खूण) किंवा नुसता १.

दोन्हीकडून शून्याजवळ आकडा आणि बीप, म्हणजे डायोड शॉर्ट. दोन्हीकडून ओएल, म्हणजे डायोड आतून तुटले, कुठल्याच बाजूने वीज जात नाही. चांगला आकडा आला तरी सगळे सहा डायोड चांगले असतील असं नाही, तीन जोड्यांतली एखादी आतून तुटलेली असू शकते. ते पुढे चार्जिंग तपासताना कळेल.

भाच्याच्या गाडीला दोन्हीकडून ०.०१ आलं. म्हणजे फ्यूज घालून बॅटरी लावली असती तर तोही गेला असता.

इथे एक गोष्ट दुकानात ठासून विचारा. डायोड शॉर्ट म्हणजे अख्खा अल्टरनेटर गेला असं नाही. पुष्कळ गाड्यांची डायोड प्लेट सुटी मिळते आणि ती बदलून अल्टरनेटर पुन्हा चालतो. वायंडिंग काळं पडलं नसेल, बेअरिंग वाजत नसेल, तर प्लेट बदलणं शहाणपणाचं. उद्यमबागेकडच्या एका जुन्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे आम्ही अल्टरनेटर सोडवून नेला. त्यांनी प्लेट हातात घेतली आणि मुलाला कानडीत म्हणाले, "ब्याटरी उल्टा हच्च्यार." काही सांगायची गरजच पडली नाही. उल्टा हा शब्द दोन्ही भाषांत तोच.

अल्टरनेटर दुरुस्तीला गेला असताना पुढच्या पायऱ्या करता येतात. फक्त सुटी झालेली जाड वायर रबरात आणि टेपमध्ये नीट गुंडाळून बॉडीपासून दूर बांधा. ती मेन फ्यूजमधून बॅटरीच्या प्लसशी जोडलेली असते.

चौथी पायरी : बल्ब मध्ये घालून बॅटरी लावणं

हा जुन्या मिस्त्रींचा उपाय आहे आणि नवशिक्याने तो कधीच चुकवू नये. नवा मेन फ्यूज बसवा. सगळे दिवे, टेप, एसी बंद, किल्ली बाहेर, दारं लावलेली. प्लसची केबल प्लसला कसा. मायनसची केबल मात्र बॅटरीला लावू नका. मायनसचा खांब आणि मायनसची केबल यांच्या मध्ये तो हेडलाइटचा बल्ब जोडा.

बल्ब क्षणभर चमकून विझला किंवा अगदी मंद राहिला, तर गाडीत मोठा शॉर्ट नाही. ती चमक कपॅसिटर भरण्याची. बल्ब भगभगीत पेटून तसाच राहिला तर अजून कुठेतरी शॉर्ट आहे. पण बल्ब मध्ये असल्याने चार-पाच अँपिअरपेक्षा जास्त करंट वाहू शकत नाही, म्हणून काही जळणार नाही. आता एकेक फ्यूज काढत जा. जो काढल्यावर बल्ब विझेल त्या सर्किटवर दोष आहे. दार उघडं राहिलं तर आतल्या दिव्यामुळे बल्ब थोडा पेटतो, त्याने घाबरू नका.

आमचा बल्ब पूर्ण पेटलेला राहिला. फ्यूज काढत काढत टेपच्या १५ अँपिअरच्या फ्यूजजवळ आलो. तो आधीच उडालेला होता, तरी बल्ब पेटलेलाच. सगळे फ्यूज संपले, तरीही पेटलेलाच. मग लक्षात आलं : टेपखालच्या ॲम्प्लिफायरची वायर कुणीतरी थेट बॅटरीच्या क्लॅम्पवरून घेतली होती, मध्ये फ्यूजच नव्हता. ती सोडवली आणि बल्ब विझला. म्हणून सांगतो, वरून बसवलेल्या वस्तू, जास्तीचा हॉर्न, फॉग लॅम्प, ट्रॅकर यांच्या वायरी आधीच शोधून सोडवून ठेवा. आमचा तासभर वाचला असता.

पाचवी पायरी : लहान फ्यूज

बल्ब काढून मायनस नीट कसा. गाडीत फ्यूजचे डबे किमान दोन असतात, एक बॉनेटखाली, एक डॅशबोर्डच्या खाली. आधी दोन्हींचा फोटो काढा. प्रत्येक लहान फ्यूजच्या पाठीवर दोन बारीक धातूचे ठिपके उघडे असतात. टेस्ट लॅम्पचा चिमटा बॉडीला लावून, किल्ली ऑन करून, दोन्ही ठिपक्यांना टोक लावा. दोन्हीकडे दिवा लागला तर फ्यूज चांगला, एकाच बाजूला लागला तर उडालेला. कुठेच लागला नाही तर त्या फ्यूजपर्यंत वीजच येत नाही : आधीचा मोठा फ्यूज किंवा रिले (विजेवर चालणारा स्विच) बघा.

रंग जगभर ठरलेले आहेत : १० अँपिअर लाल, १५ निळा, २० पिवळा, २५ पांढरा किंवा पारदर्शक, ३० हिरवा. निळ्याच्या जागी हिरवा घालून "आता उडत नाही" असं म्हणणारे भेटतात. तो उडत नाही, कारण आता त्याच्याऐवजी वायर तापते.

बदललेला फ्यूज पुन्हा उडाला तर तिसरा घालू नका. त्या सर्किटवरची वस्तू सोडवा. टेपमध्ये उलट्या जोडणीसाठी एक डायोड घातलेला असतो. तो स्वतः शॉर्ट होऊन फ्यूज उडवतो आणि आतलं बाकी वाचवतो. इलेक्ट्रॉनिक्स दुरुस्त करणारा तो थोडक्या पैशांत बदलून देतो, टेप फेकायची गरज नसते.

रिलेही बघा. काही रिलेच्या कॉइलला समांतर डायोड असतो, तो जातो. शेजारचा त्याच नंबरचा रिले अदलाबदल करून बघणं हा सर्वांत सोपा उपाय.

सहावी पायरी : किल्ली ऑन, आणि मग ईसीएम

किल्ली ऑन करून डॅशबोर्डकडे बघा. इंजिनचा पिवळा दिवा लागला पाहिजे. तो लागला, म्हणजे ईसीएमला वीज मिळते आहे आणि तो जागा आहे. लागला नाही तरी लगेच ईसीएमवर ठपका नको. आधी ईसीएमचा फ्यूज, मेन रिले आणि बॉडीला कसलेली त्याची अर्थिंग. आमच्याकडच्या दमट हवेत अर्थिंगच्या लगवर (वायरीच्या टोकाच्या धातूच्या कडीवर) गंज चढतो, घासून पुन्हा कसल्यावर "मेलेला" ईसीएम जिवंत झालेला मी स्वतः पाहिला आहे.

मग स्कॅनर, म्हणजे गाडीच्या युनिटमधले बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र. स्टिअरिंगखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटमध्ये स्कॅनर चालूच झाला नाही तर सॉकेटची वीज बघा : १६ नंबरच्या पिनवर बॅटरीचा प्लस, ४ आणि ५ वर अर्थिंग. या सॉकेटचा फ्यूज पुष्कळदा दुसऱ्या कशाबरोबर जोडलेला असतो आणि तोच उडालेला असतो.

स्कॅनर ईसीएमशी बोलला तर अर्धी लढाई जिंकलात. कोड भरपूर दिसतील, घाबरू नका. बॅटरी काढली-घातली की पी०५६२ सारखे कमी व्होल्टेजचे कोड येतातच. सगळे लिहून घ्या, पुसा, किल्ली बंद-चालू करा आणि परत वाचा. परत येतील तेच खरे. यू०१०० परत आला तर इतर युनिटना ईसीएमशी संपर्क होत नाही असा अर्थ. तिथेही आधी वीज, अर्थिंग आणि कपलर. पॉवर स्टिअरिंगला स्वतःचा मोठा फ्यूज असतो, स्टिअरिंग जड झालं तर तो बघा.

वीज बरोबर, अर्थिंग बरोबर, रिले बरोबर, तरी स्कॅनरला ईसीएम दिसत नाही : आता म्हणा की ईसीएम गेला असावा. तेव्हाही दुरुस्त होतो का ते आधी विचारा. नवा ईसीएम नुसता बसवून चालत नाही, इमोबिलायझरच्या (चोरी रोखणाऱ्या यंत्रणेच्या) किल्लीशी तो जुळवून घ्यावा लागतो.

सातवी पायरी : चार्जिंग आणि गळती

अल्टरनेटर परत आला की गाडी चालू करून बॅटरीवर मीटर लावा. १३.८ ते १४.५ व्होल्ट साधारण बरोबर. नव्या गाड्यांत ईसीएम चार्जिंग कमी-जास्त करतो, तेव्हा हेडलाइट आणि ब्लोअर लावून बघा. १५ च्या वर स्थिर राहत असेल तर रेग्युलेटर (चार्जिंगचे व्होल्ट आवरणारा भाग) बिघडलाय, गाडी बंद करा.

मग मीटर एसी व्होल्टवर ठेवून तिथंच मोजा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त आलं तर एखादा डायोड आतून तुटलेला आहे. स्वस्त मीटर एसीवर डीसीचा आकडा दुपटीने दाखवतात. २६-२८ असं काही दिसलं तर दोष मीटरचा, चांगला मीटर मागून आणा.

शेवटची मोजणी गळतीची, कारण अर्धवट खराब झालेला डायोड किंवा युनिट गाडी बंद असतानाही बॅटरी पीत राहतं. मीटरची लाल पिन १० अँपिअरच्या भोकात घाला, मायनसची केबल काढा आणि खांब व केबल यांच्या मध्ये मीटर ओळीने जोडा. गाडी लॉक करून अर्धा तास थांबा, सगळी युनिट झोपायला तेवढा वेळ लागतो. ०.०५ अँपिअरच्या आत असेल तर ठीक. मीटर असा जोडलेला असताना सेल्फ मारायचा नाही, मीटरचा फ्यूज लगेच जातो.

भाच्याची गाडी ०.०३ वर आली. मेन फ्यूज, टेपचा फ्यूज, डायोड प्लेट आणि जळालेला ॲम्प्लिफायर, एवढंच गेलं होतं.

जंपर केबलने चूक झाली असेल तर

दोन्ही गाड्या तपासा. उलट्या जंपरमध्ये दोन बॅटऱ्या एकमेकींशी ओळीने जोडल्या जाऊन केबलमध्येच शॉर्ट होतात. केबलचं रबर वितळतं, बॅटरी फुटू शकते, आणि मदतीला आलेल्या शेजाऱ्याच्या गाडीचे डायोडही जाऊ शकतात. ट्रॅक्टरची बॅटरी सहसा १२ व्होल्टची असते, पण उसाच्या मोठ्या ट्रकमध्ये दोन बॅटऱ्या मिळून २४ व्होल्ट असतात. ट्रकवरून कारला जंप घ्यायचाच नाही.

बरोबर क्रम असा : लाल केबल उतरलेल्या बॅटरीच्या प्लसला, तिचं दुसरं टोक चांगल्या बॅटरीच्या प्लसला, काळी चांगल्या बॅटरीच्या मायनसला, आणि काळीचं शेवटचं टोक उतरलेल्या गाडीच्या इंजिनच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून लांब. ठिणगी पडायची ती तिथे पडू दे. काढताना नेमका उलटा क्रम.

विमा, टोचन, आणि सुट्टी संपताना

गाडीच्या नेहमीच्या विम्यात स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या भागात विद्युत किंवा यांत्रिक बिघाड वगळलेला असतो. त्यामुळे उलट्या बॅटरीचा खर्च सहसा मिळत नाही, पॉलिसीत जास्तीचं संरक्षण घेतलं आहे का ते वाचा. गाडी टोचन लावून आणत असाल तर पॉवर स्टिअरिंग जड असेल आणि ब्रेकला नेहमीची साथ नसेल. म्हणून पावसात घाटरस्त्याने दोरीने ओढण्यापेक्षा गाडी उचलून नेणारा ट्रक बोलवा.

काम संपल्यावर घड्याळ लावा, खिडक्यांची आपोआप वर जाण्याची सोय पुन्हा शिकवा (काच पूर्ण वर नेऊन बटन तीन-चार सेकंद धरून ठेवा), आणि स्टिअरिंगचा दिवा लागला असेल तर ते दोन्हीकडे शेवटपर्यंत फिरवून बघा.

भाचा पठाणकोटला परत निघाला त्या सकाळी आम्ही दोघांनी बॅटरी ट्रेवर प्लसच्या बाजूला लाल ऑइलपेंटने ठळक खूण केली, प्लसच्या केबलला लाल नळी चढवली आणि खांबांचा फोटो त्याच्या बायकोच्या मोबाइलमध्ये ठेवला. मग दहाच्या पान्याने फक्त मायनसची केबल सोडवून, जुन्या हातमोज्यात गुंडाळून बाजूला बांधली. परत लावताना एकच नट.